एककामी की दोनकामी

माझ्या बायकोच्या मामांनी पिस्तुलाच्या चापाचा जेवढा विचार केला, तेवढा मुंबईच्या उपनगरांत दुसऱ्या कुणी केला नसेल. यात मी पोलीस धरले आहेत, आणि पोलीस ज्यांच्या मागावर असतात ती मंडळीही धरली आहेत. त्या दोघांनाही विचार करायला फुरसत कुठे असते? मामांनी तीन वर्षं विचार केला. जेवताना केला, आंघोळ करताना केला, माझ्या मेव्हणीच्या लग्नात अक्षता हातात धरून उभे असताना केला, आणि त्या नादात अक्षता टाकायच्या राहिल्या त्या तशाच खिशात घालून घरी आणल्या. एवढं करून खरं पिस्तूल त्यांनी जन्मात कधी हातात धरलं नव्हतं, धरायची इच्छाही नव्हती. ते करत होते ते दिवाळीत मुलं टिकल्या फोडतात ते पिस्तूल. जस्ताचं, काळ्या रंगाचं. त्याला चाप कोणत्या जातीचा बसवायचा, एवढाच प्रश्न होता.

मामा मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. हे मात्र कोवळ्या वयातच अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठच्या गाळ्यात लेथवर उभे राहिले, ते तिथेच राहिले. अंगानं किरकोळ, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं स्वतःच बांधलेली, आणि शर्टाच्या खिशात, इतर लोक जिथे पेन लावतात तिथे, व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं ते पोलादी साधन. ते खिशात असल्यामुळे त्यांना मोजल्याशिवाय राहवत नसे. लग्नानंतर आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हिनं पानात वाढलेली पोळी त्यांनी तीन ठिकाणी मोजली आणि कडेला जाड आहे म्हणून सांगितलं. ही चार दिवस धुमसत होती. मी मनातून खूश होतो, कारण माझंही तेच म्हणणं होतं, फक्त माझ्यापाशी पुरावा नव्हता. हिच्याशी, मामींशी, पोरांशी मामा मालवणीत बोलत. माझ्याशी मात्र पुस्तकी मराठीत, पाहुणा आल्यावर इस्त्रीचा शर्ट घालावा तसं, आणि तेही "जावईबापू, तुम्ही" असं. मी त्यांना अनेकदा सांगितलं की माझ्याशीही मालवणी बोला. ते म्हणत, "बोलू ना." आणि पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालत.

अडतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या वस्तूंचे तुकडे केले होते. छत्रीच्या दांड्यातली कळ, पावडरच्या डब्याचं जाळीचं झाकण, बॅगेच्या कुलपाची जीभ. कुणाच्याही घरी गेले की एखादी वस्तू उचलून उलटी करत आणि तिच्या पोटाकडे बोट दाखवून "हा माझा" असं म्हणत. घरातल्या लोकांना वाटे ही वस्तू आपली आहे असं ते म्हणताहेत, आणि दोनचार ठिकाणी त्यावरून गैरसमजही झाले. पण अख्खी अशी त्यांची स्वतःची एकही वस्तू बाजारात नव्हती, आणि हे त्यांना लागत असे. म्हणून शेठनी जेव्हा सांगितलं की मामा, तुम्हाला एवढी हौस आहे तर एक दिवाळी तुमचं पिस्तूल काढून बघू, तेव्हा मामांनी घरी येऊन मामींना नमस्कार केला. का केला ते दोघांनाही कळलं नाही. शेठची अट एकच होती. साचा महाग असतो, तो एकदाच होईल. माल खपला तर दरवर्षी काढू, नाही खपला तर गाळ्यातल्या त्या कोपऱ्यात बेल्टची बकलं सुरू होतील. मामांची निवृत्ती जवळ आली होती. दुसरी संधी नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आता चापाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. आपण ज्यावर बोट ठेवतो तो चाप. मागे जो छोटा हातोडा असतो आणि टिकलीवर आपटतो तो घोडा. बहुतेक लोक चापालाच घोडा म्हणतात, आणि असं कुणी म्हटलं की मामांच्या चेहऱ्यावर दातदुखी उमटायची. खऱ्या पिस्तुलांचा एक परदेशी कॅटलॉग त्यांना रद्दीवाल्याकडे मिळाला होता. तो मी त्यांना रविवारी वाचून, मराठी करून सांगायचो. त्यात सिंगल अ‍ॅक्शन आणि डबल अ‍ॅक्शन अशा दोन जाती होत्या. पहिल्या जातीत आधी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, तो खट् करून अडकतो, मग चापाला बोट नुसतं टेकवलं तरी सुटतो. दुसऱ्या जातीत घोड्याला हात लावायचा नाही. चापच ओढायचा, लांबवर आणि जोर लावून, म्हणजे तोच घोड्याला मागे नेतो आणि तोच सोडतो. मामांनी यांची नावं पाडली, एककामी आणि दोनकामी. एककामी म्हणजे चाप एकच काम करतो, नुसतं सोडायचं. दोनकामी म्हणजे चाप दोन्ही कामं करतो. खरी मेख इथेच होती. चाप एककामी असला की माणसाला कामं दोन करावी लागतात, आणि चाप दोनकामी असला की माणसाला काम एकच. मला हे समजायला तीन रविवार लागले. मामींना कधीच समजलं नाही. त्यांनी समजून घ्यायचं ठामपणे नाकारलं होतं.

एकदा ही दोन नावं सापडल्यावर मामांना जगात दुसरं काही दिसेना. दादरला छत्री घ्यायला गेले आणि दुकानातल्या चाळीसेक छत्र्यांच्या कळा दाबून, कोणती किती ओढ घेते ते बोटानं तोलून, छत्री न घेता परत आले. आम्ही अंधेरीत ब्लॉक घेतला तेव्हा नातेवाईक हवा बघायला गॅलरीत गेले. मामा बाहेर उभे राहून दाराची बेल वाजवत राहिले. अकरा वेळा. समोरच्या शेजाऱ्यांशी आमची ओळख त्या दिवशी झाली आणि ती सुधारायला वर्ष गेलं. माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली होती. मामी दोनकामी, म्हणजे एक शब्द बोला, त्याच तुमचा घोडा ओढतील आणि त्याच सोडतील. मी एककामी. मला आधी कुणीतरी ओढून ठेवावं लागतं, मग मी काम करतो, आणि ओढायचं काम बायकोकडे आहे. हे त्यांनी माझ्यासमोर, माझ्याच घरात, माझ्या कपातला चहा पीत सांगितलं. ही आतून म्हणाली की मामा अगदी बरोबर बोलले.

पण पिस्तुलाचं काही ठरत नव्हतं. दोनकामी घ्यावा तर चाप ओढायला जोर लागतो, लहान बोटांना झेपेल का? एककामी घ्यावा तर घोडा ओढायला अंगठा लागतो, आणि लहान पोरांच्या अंगठ्यात बळ ते किती? मामा आमच्या कॉलनीच्या आवारात मुलांना रांगेत उभं करून त्यांच्या तर्जन्या व्हर्नियरनं मोजत. मग बोटाला दोरीनं साखरेची पुडी टांगून कोणाला किती वजन पेलतं ते वहीत लिहीत. रांग मोठी असे, कारण शेवटी पुडी फोडून साखर वाटली जायची. काही आया तक्रार घेऊन आल्या, तर मामांनी त्यांचीही बोटं मोजली. मामी एकदा वैतागून मला म्हणाल्या, "मला बघून गेले आणि होय म्हणायला सात महिने लावले. माझ्या वडलांना वाटलं मुलगा आगबोटीवर लागला." मामांनी मान वर न करता एवढंच म्हटलं की घाईनं होय म्हटलं असतं तर जन्म तुझा गेला असता, माझा नाही.

या विचारापायी त्यांनी एकदा चौकीही बघितली. स्टेशनजवळच्या इराण्याकडे मामा एका खेळण्यांच्या व्यापाऱ्याला आपली योजना समजावत बसले होते. बोलण्याच्या भरात त्यांचा आवाज चढायचा. त्या वर्षांत अंधेरीत घोडा म्हणजे गुंडांच्या बोलीत पिस्तूल, हे इराण्याच्या पोऱ्यालासुद्धा ठाऊक होतं, मामांना मात्र पत्ता नव्हता. शेजारच्या टेबलावरचा माणूस साध्या वेशातला पोलीस निघाला. त्यानं चहा संपवू दिला, मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, चला काका, साहेबांना भेटू. व्यापारी त्याआधीच बिल न देता गेला होता. चौकीत साहेबांनी विचारलं, "किती घोडे आहेत?"

"आत्ता दोनच," मामा म्हणाले. "पण दिवाळीपर्यंत दीड हजार काढणार."

"कुणासाठी?"

"लहान मुलांसाठी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मामांना वाटलं की त्यांना विषयात रस निर्माण झाला आहे, म्हणून त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचे दोन्ही नमुने काढले, टिकल्यांची गुंडाळी काढली, आणि एककामी-दोनकामीचा सगळा पाठ म्हणून दाखवला. मला निरोप येऊन मी धावत पोचलो तेव्हा साहेब आपलं सरकारी हत्यार गोळ्या काढून हातात घेऊन बसले होते, चाप हळूहळू ओढून दाखवत होते, आणि मामा टेबलावर कान टेकवून त्याचा आवाज ऐकत होते. "ही खेळायची वस्तू नाही काका," साहेब म्हणाले. मामा म्हणाले, "ते कळलं. म्हणूनच एवढा जड ठेवलाय." तो चाप दोनकामी होता. त्यामुळे पुढचे आठ महिने मामा दोनकामीच्या बाजूचे होते, आणि भेटेल त्याला सरकारचंही हेच मत आहे असं सांगत होते.

त्यांचं मत फिरवलं ते आमच्या मनूनं. मनू म्हणजे आमची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. दिवाळी आली की ही पोर पलंगाखाली जायची. कानात कापूस, डोळे गच्च मिटलेले, आणि बाहेर काढायला हात लावला तर असा आकांत की फटाके बरे. आम्ही समजावलं, रागावलो, एकदा मी तिला उचलून गॅलरीत नेलं आणि त्याची मला आजही लाज वाटते. त्या दिवाळीत मामा फराळाला आले होते. ते जमिनीवर आडवे झाले, अर्धे पलंगाखाली सरकले आणि तासभर तिच्याशी काहीबाही बोलत पडले. दुसऱ्या दिवशी तीच मनू स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यावर लाटणं बडवत होती. डोकं उठेल असा आवाज, आणि ही हसतेय. मामा दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग हिला म्हणाले, "गो, ही आवाजाक भियत नाय. आवाज कधी होतलो ता म्हायत नसता, तेका भियता." आमच्या लक्षात पाच वर्षांत जे आलं नव्हतं ते या माणसानं लाटण्यावरून ओळखलं. दोनकामी चाप ओढत जायचा, ओढत जायचा, आणि कुठेतरी मध्येच टिकली फुटते. कधी ते हातालाही कळत नाही. एककामीत आधी खट् होतं. मग सगळं आपल्या हातात. वाटेल तेवढं थांबा, डोळे मिटा, पाय घट्ट रोवा, आणि तयार झालात की बोट टेकवा.

तरीसुद्धा मामांनी ठरवलं नाही. मनूसारख्या पोरी किती असणार, बाकीच्यांचं काय, असं करत होळी गेली, पाऊस आला. शेठनी सांगितलं की गणपतीच्या आधी साचेवाल्याला कळलं नाही तर या वर्षी पिस्तूल नाही, आणि पुढच्या वर्षीचं मी बोलत नाही. कुर्ल्याच्या त्या साचेवाल्याकडे दोन्ही जातींची ड्रॉइंग आधीच पोचली होती. त्यावर मामांनी नाव घातलं नव्हतं, कारण जो ड्रॉइंग बघून जात ओळखत नाही त्यानं साचे करू नयेत. नंबरही घातले नव्हते, कारण नंबर दिला की पहिल्याला उगाच मान मिळतो. कुठलं करायचं ते फक्त चिठ्ठीनं कळवायचं होतं. गणपतीसाठी गावी जाणाऱ्या एसटीत मामी बसल्या, सामान चढलं, मखर टपावर बांधलं गेलं, आणि मामा खाली माझ्यापाशी उभेच. कंडक्टरनं घंटी दिली. तेव्हा मामा पायरीवर चढत मला म्हणाले, "लिहा जावईबापू. चाप एककामी करावा. बास." गाडी निघाली. खिडकीतून त्यांचा चेहरा दिसला, तो परीक्षा संपलेल्या मुलासारखा होता.

आता माझी नोकरी सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्याची. त्या नोकरीनं माझ्या हाताला 'म्हणजेच' लिहायची खोड लावली आहे. कोणताही शब्द मला उघडा ठेववत नाही. घरी येऊन मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'चाप एककामी करावा.' मग मला वाटलं, बिचाऱ्या साचेवाल्याला मामांची भाषा काय कळणार. म्हणून पुढे लिहिलं, 'म्हणजेच, मुलाला एकच काम करावं लागेल असा.' दोनदा वाचलं, स्पष्टपणाबद्दल स्वतःवर खूश झालो आणि चिठ्ठी स्वतः कुर्ल्याला नेऊन दिली. साचेवाल्यानं ती वाचली आणि म्हणाला, आता बरोबर समजलं.

मामा गावाहून आले, पण कुर्ल्याला फिरकले नाहीत. दुसऱ्या कारागिराच्या अर्ध्या कामात डोकावायचं नाही, हा त्यांचा नियम होता. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी साचा आला, पहिला माल ओतून झाला, आणि मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. गाळ्यात जोडणीच्या चारपाच बाया, शेठ आणि मी असे उभे होतो. मामांनी ताटातून एक घोडा उचलला. गुळगुळीत, बुटका, अंगठा लावायला जागाच नसलेला, म्हणजे दोनकामीचा. त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. चष्मा काढून पुसला. मग हळूच विचारलं की चिठ्ठीत काय लिहिलं होतं. शेठनी फाइलमधून चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली. 'म्हणजेच' आलं तेव्हा मला जमीन दुभंगावी असं वाटलं. तीन वर्षं, सगळ्या कॉलनीची बोटं, ती साखर, ती चौकी, आणि अडतीस वर्षांनी मिळालेली एकच संधी, ती मी एका शब्दानं घालवली होती. चाळिशीतला सरकारी नोकर मी, जोडणीच्या बायांसमोर रडलो. मामा माझ्याजवळ आले. त्यांच्या हाताला तेल होतं, म्हणून त्यांनी कोपरानं माझ्या खांद्याला ढोसलं.

"गप रव रे," ते म्हणाले. "रडतंस कित्याक?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या दिवशी ते माझ्याशी पहिल्यांदा मालवणीत बोलले, आणि पहिल्यांदाच 'अरे-तुरे'त. त्यानंतर त्यांनी इस्त्रीचा शर्ट माझ्यासाठी पुन्हा कधी घातला नाही.

नवीन साचा होणं शक्य नव्हतं. शेठ म्हणाले, आहे तसाच विकू, मुलांना काय फरक पडतो. ते वाईट माणूस नव्हते, पण हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मामा घोडा घेऊन खिडकीशी गेले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले. मग उठले आणि त्या बुटक्या घोड्याला पत्र्याचा एक कान ठोकला, अंगठा धरायला. पोटात कानशीनं एक खाच पाडली, मागे ओढला की अडकायला. सगळं जोडून त्यांनी आधी नुसता चाप ओढला. फट्. मग कान धरून घोडा मागे ओढला. खट्. थांबले. चापाला बोट टेकवलं. फट्. एकच पिस्तूल एककामीही होतं आणि दोनकामीही. ज्याला जसं हवं त्यानं तसं चालवावं. तीन वर्षं मामा सगळ्या मुलांच्या वतीनं ठरवत होते. आता ज्याच्या त्याच्या बोटानं आपलं आपण ठरवायचं होतं. हे आधी का सुचलं नाही असं मी विचारलं, तर म्हणाले की आधी दोन वेगळे कागद समोर होते ना, एक घेतला की दुसरा टाकायचा असंच वाटायचं.

दीड हजार घोड्यांना दीड हजार कान आणि तेवढ्याच खाचा, आणि हातात जेमतेम बारा दिवस. मी कचेरीतून रजा काढली आणि प्रायश्चित्त म्हणून कानस हातात घेतली. माझे पहिले चाळीस घोडे मामांनी परत केले. खाच घालतोस की हजामत करतोस, असं विचारलं. एक्केचाळिसावा घोडा त्यांनी व्हर्नियरनं मोजला, पुन्हा मोजला आणि चांगल्या ताटात टाकला. मला पहिल्या बढतीच्या वेळीसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता. डब्यावरचा मजकूर लिहायचं काम शेठनी पुन्हा मलाच दिलं, पण लिहून झाल्यावर तो जोडणीच्या बायांना वाचायला दिला, आणि सगळ्यांना एकच अर्थ लागतो अशी खात्री करूनच छापायला पाठवला.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी मामा सकाळीच आले. अंगाला उटण्याचा वास, हातात पिशवी. मनू अर्थातच पलंगाखाली होती. मामांनी पिस्तूल जमिनीवरून तिच्याकडे सरकवलं आणि येऊन चहा घेतला. थोड्या वेळानं पलंगाखालून खट् ऐकू आलं. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. पुढे काहीच झालं नाही. मनू कोपरांवर सरपटत बाहेर आली, दोन्ही अंगठ्यांनी घोड्याचा कान दाबून धरलेला, चाप दाबून तिनं तो अगदी हळू खाली आणला, आवाज होऊ न देता. "आजोबा, मी नंतर फोडते," ती म्हणाली आणि पिस्तूल घेऊन पुन्हा आत गेली. माझा चेहरा पडला. मामांचा उजळला. ओढलेला घोडा परत ठेवताही येतो हे त्यांनी तिला शिकवलं नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. बायका भांडी आवरत होत्या, मी लवंडलो होतो, मामा पेपर चेहऱ्यावर घेऊन पडले होते. गॅलरीतून खट् आलं. मग मोठी शांतता. मी मनात आकडे मोजू लागलो आणि मध्येच विसरलो. मग फट्. ही हातातलं ताट टाकून धावणार, तेवढ्यात मामांनी पेपराखालूनच हात वर केला. "कोणी उठू नकात," ते कुजबुजले. "तिका वाटांदे, कोणी आयकूक नाय." आम्ही श्वास धरून बसलो. खट्. या वेळी थांबणं थोडं कमी. फट्. पाचव्या-सहाव्या टिकलीला खट् आणि फट् एकाला एक लागून येऊ लागले, आणि पेपराच्या कडेतून मामांच्या गालावरून पाणी ओघळलं, तेही त्यांनी पेपरानंच पुसलं. शाई गालाला लागली. तशाच गालानं ते संध्याकाळी घरी गेले, आणि आमच्यापैकी कुणाला ते सांगावंसं वाटलं नाही.

पिस्तूल खपलं. फार धुमधडाक्यानं नाही, पण शेठनी बकलांचा विचार सोडून दिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा माल काढला. बाजारात मामांची अशी एक अख्खी वस्तू झाली. लोकांच्या घरी गेल्यावर मात्र त्यांनी ती कधी उलटी करून दाखवली नाही. मी विचारलं तर म्हणाले की पोरं खेळत असतात, मध्ये कशाला हात घालायचा.

तीन वर्षांनी त्यांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, धोकाही सांगितला, आणि कागद समोर ठेवून म्हणाले की उद्या सकाळपर्यंत घरच्यांशी बोलून सावकाश ठरवा. मामी आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. उद्या सकाळपर्यंत! या माणसाला छत्री घ्यायला दोन पावसाळे लागले होते. मामांनी डॉक्टरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, सही केली आणि कागद परत दिला. सगळं मिळून एक मिनिट गेलं नसेल. मी म्हटलं, मामा, जरा विचार तरी करायचा. ते म्हणाले, "पोरांच्या हातात दिवचा असता, तेव्हा इचार करूक व्हयो. ह्या माझ्या एकट्याचा."

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर मामा दीड वर्ष होते, आणि ते दीड वर्ष फार मजेत गेलं. या वेळी अगदी लहान, रांगत्या मुलांसाठी दोरी ओढली की फिरणारं पत्र्याचं पाखरू करायचं त्यांच्या मनात होतं. ते गेल्यावर मामींनी मला त्यांच्या वह्या दिल्या. पाखराचे पंख, चोच, आतली चक्री, सगळं मापासकट काढून पुरं झालं होतं. दोरी वरून ओढायची की बाजूनं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.